ताकदीच्या गोळ्या

भिलाईत मी दवाखाना काढला तेव्हा कारखान्यातून नुकतंच लोखंड निघायला लागलं होतं आणि गावात प्रत्येकाला एकच आजार होता, तो म्हणजे अशक्तपणा. खरूज, जंत, हगवण, हिवताप, डोळ्यात गेलेला कण हे सगळं होतंच, पण लोकांच्या लेखी ते आजार नव्हते. खरूज झालेला माणूस खाजवत खाजवत कामावर जायचा. दवाखान्यात यायचा तो "बाई, अंगात ताकद नाही," एवढं सांगायला. सगळ्या देशाला बळकट करणारा कारखाना इथे उभा राहत होता आणि तो उभा करणारी माणसं माझ्या बाकावर बसून ताकद मागत होती. मला त्याचा भयंकर राग यायचा. ताकद बाटलीत मिळत असती तर आधी मी स्वतः नसती का प्यायले?

आम्ही नागपूरचे. नवरा कारखान्यात नकाशांच्या कचेरीत होता, त्याच्यामागे मी आले. क्वार्टरमध्ये बसून लाल धूळ झटकत राहण्यापेक्षा बरं म्हणून मजुरांच्या कॅम्पातल्या बाजारात पत्र्याची एक खोली घेतली, मधे पडदा लावला आणि बाहेर पाटी ठोकली. बाईमाणूस डॉक्टर म्हणून बायका आल्या, बायकांनी नवरे आणले, नवऱ्यांनी मित्र आणले. मी कडक आहे, ओरडते, अशी कीर्ती पहिल्या महिन्यातच दुर्गपर्यंत पोचली होती. तरी लोक येत राहिले. बाईंच्या औषधाआधी बाईंच्या बोलण्यानंच ताप उतरतो, असं कोणीतरी पसरवलं होतं. तो कोण हे मला कळलं असतं तर त्याचाही ताप उतरवला असता.

त्या एका बाकावर अर्धा हिंदुस्थान बसायचा. रेझा म्हणून विटा वाहणारी छत्तीसगढी बाई डोकं धरून "मूड़ पिरात हे, बाई," म्हणायची. बंगाली कारकुनाच्या छातीत, पाठीत, मेंदूत, कुठेही दुखलं तरी त्याचं मूळ पोटातल्या आंबटात असायचं. पंजाबी ड्रायव्हरला आजार मान्यच नसायचा, त्याची बायको त्याच्या वतीनं आजारी असायची. आणि आमचे विदर्भातले लोक, भंडारा, गोंदिया, नागपूरकडचे, काही रेल्वेतले, काही कारखान्यातले. "अंगात कसकस करून राहिलं," एवढंच म्हणायचे आणि पुढचं डॉक्टरनं ओळखावं म्हणून गप्प बसायचे.

ओळखायचं कसं, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. पुस्तकात रोगी छातीत दुखतं म्हणून येतो आणि त्याच्या छातीतच काहीतरी झालेलं असतं. माझा रोगी खोकल्यासाठी यायचा, खोकल्याचं औषध घ्यायचा, उठायचा, पडद्यापाशी पोचायचा आणि तिथून पाठमोरा म्हणायचा, "बाई, अन् ते लघवीतून रक्त जाऊन राहिलं, ते चालते ना?" खरा आजार नेहमी त्या पडद्यापाशी निघायचा. पुढे पुढे मी रोग्याला मुद्दामच लवकर उठवायला लागले.

दुसरी पीडा म्हणजे सुई. गोळीवर कोणाचा विश्वास नव्हता. सुई पाहिजे, ती लाल पाहिजे आणि टोचल्यावर दुखली पाहिजे. न दुखणाऱ्या सुईला लोक पाण्याची सुई म्हणायचे आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जायचे. माझा कंपाउंडर दुर्गचा, वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा आणि मुरलेला. तो म्हणायचा, "बाई, मिक्सचर गुलाबी असलं तरच लागू पडते." मी त्याला खूप झापलं. मग एकदा त्याच्या गैरहजेरीत बिनरंगाचं मिक्सचर दिलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या परत आल्या. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात पोटदुखी, खोकला आणि झोप न येणं या तिघांवर तीन वेगळी औषधं मिळायची, पण तिन्ही गुलाबी.

तर अशा या दवाखान्यात एका हिवाळ्यात एक पोरगा त्याच्या मायला सायकलवर बसवून घेऊन आला. पंचविशीच्या आतला, उंच, भट्टीवर काम करणारा. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. माय पन्नाशीची असेल, पण श्वास मात्र सत्तरीचा. सायकलवरून उतरून बाकापर्यंत आली आणि तेवढ्यानं धापा टाकायला लागली. मूळचे भंडाऱ्याकडचे. बाप लहानपणीच गेलेला, तिनं रोजी करून त्याला शिकवलेलं. इकडे आधी एका पुरुष डॉक्टरला दाखवलं होतं, पण त्याच्यासमोर तिनं पदर काही बाजूला केला नाही आणि त्या बिचाऱ्याला लुगड्यावरूनच काय ते ऐकावं लागलं.

मी ऐकलं. हृदय मोठं झालं होतं, दमलं होतं, रक्ताचा दाब वर गेला होता. पाय सुजलेले. अंगठा दाबला की कणकेत पडतो तसा खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. निदानाला काही डोकं लागलं नाही. अंगात पाणी साठत होतं, आणि मीठ पाण्याला धरून ठेवतं. मी औषध लिहिलं आणि सांगितलं, "मावशी, आजपासून मीठ बंद. लोणचं नाही, ठेचा नाही, सुकट नाही, पापड नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं घर जप्त केलं. "मंग जेवाचं काय?"

"सगळं जेवा. अळणी."

"ढोराच्या ढेपेतबी मीठ टाकतात, बाई," ती म्हणाली. "माही किंमत त्याच्याहून खाली आली का?"

मला ती तिथेच आवडली. दिवसभर मान डोलावणारे लोक बघून मी कंटाळलेली असायची. ही बाई श्वास पुरत नसताना भांडत होती.

पोरगा मात्र अगदी गंभीर. ती माणसं नुकतीच बौद्ध झाली होती आणि त्यानं ते मनावर घेतलं होतं. मला म्हणाला, "आमी आता धागा, अंगारा, नवस काही मानत नाही. डाक्टर म्हणीन तेच करू." आणि खरंच, माझ्या बाकावर बाकीच्यांना तपासायचं म्हणजे गळ्यातले ताईत आणि दंडावरचे गंडे बाजूला सारून नळी टेकवायला जागा शोधावी लागायची. माझ्या स्वतःच्या मनगटावर सासूबाईंनी बांधलेला एक लाल दोरा होता, तो मी बाहीखाली लपवत असे. हा एकच असा अंग मोकळं करून आलेला. आधी देवाधर्माला वाटून दिलेला सगळा विश्वास त्यानं गोळा केला आणि औषधाच्या झोळीत टाकला. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं. एवढा विश्वास कुठेतरी भलतीकडे लागेल, हे काही डोक्यात आलं नाही.

त्या काळी अंगातलं पाणी उतरवायला पाऱ्याचं इंजेक्शन द्यायचे. सुई दिली की माणूस दिवसभर मोरीच्या वाटेवर. मावशी त्याला सरळ मुताची सुई म्हणायची आणि तेही सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. "वस्तीच्या नळाले पानी नाही अन् मले भरभरून," असं म्हणून स्वतःच हसायची. सुई दिली की पाय उतरायचे, श्वास मोकळा व्हायचा. मी खूश. आठवडा जातो न जातो तोच पुन्हा फुगलेले पाय घेऊन दारात हजर.

आता अळणी खाणारा प्रत्येक रोगी चोरून खातो, हे डॉक्टरला रोग्याच्या नाडीपेक्षा जास्त पक्कं माहीत असतं. मी तिला सरळ विचारलं, "लोणचं कुठे लपवता?"

"लेकाची आन, नाही खात," ती म्हणाली.

लेकाच्या शपथेवर मी विश्वास ठेवत नाही. माझ्या दवाखान्यात लेकाची शपथ घेऊन लोकांनी काय काय नाकारलंय ते लिहिलं तर लोक मला भिलाईतून हाकलतील. म्हणून एका सकाळी न सांगता तिच्या घरी गेले. एका खोलीचं घर, सारवलेलं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चूल. मी एकेक डबा उघडला. हळद, तिखट, तूरडाळ, तांदूळ. मिठाचा डबा नाही. बरणी नाही. फडक्यात बांधलेली सुकट नाही. मी मडक्यातही हात घातला. मावशी भिंतीला टेकून बसली होती आणि मजेत बघत होती. शेवटी शेजारीण आली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय शोधता बाई? यांच्या घरचं मीठ कवाचंच माह्या घरी आलं. पोरगाबी अळणीच जेवते. मायनं खायचं नाही अन् आपण तिच्यापुढं कसं खावं, म्हणते."

आता मला खरंच काही सुचेना. घरात मीठ नाही आणि अंगात मिठाचा समुद्र. मी लघवी उकळून पाहिली, मूत्रपिंडांवर संशय घेतला. कॉलेजातलं जाडं पुस्तक पुन्हा काढलं, ते पुस्तक नेहमीसारखं सगळं काही असू शकतं असं म्हणालं. औषध वाढवलं. उन्हाळा चढत गेला तशी ती खालावली. आडवी झाली की गुदमरायची, म्हणून भिंतीला उशी लावून बसूनच डुलकी घ्यायची. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं तर ती हलायला तयार नाही. पोराला पडद्याआड बोलावून मी सांगितलं, "हे पाणी असंच चढत राहिलं तर तुझी माय पावसाळा बघणार नाही." मी गोड बोलणारी डॉक्टर नव्हतेच. तो नुसता दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभा राहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारी पाळी संपवून तो तसाच, घामानं मिठाचे पांढरे पट्टे पडलेल्या शर्टानं, मायचं औषध न्यायला आला. बाटली हातात घेताना त्याची बोटं वाकडी झाली. मग पोटरी धरून तो खाली बसला आणि पाहता पाहता आडवा झाला. पोटऱ्यांचे गोळे वर चढलेले, पोट दगडासारखं. एवढा उंच माणूस, पण दुखण्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाकावरच्या मंडळींनी ताबडतोब निदान केलं. एकानं लू ठरवली. एकीनं बाहेरचं काहीतरी ठरवलं. तिसऱ्यानं ही मिरगी आहे म्हणून स्वतःची चप्पल काढली आणि त्याच्या नाकाशी न्यायला लागला. त्याला मी चपलेसकट बाहेर काढलं.

"पाणी किती पितोस भट्टीवर?" मी पोटरी चोळत विचारलं.

"घागर घागर," तो दातांत दात धरून म्हणाला.

"आणि जेवण अळणी."

"हाव."

"असं आधी कधी झालं होतं?"

"होते अधूनमधून. फोरमन म्हणते, पुन्हा पडला तं भट्टीवरून काढतो."

घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की माणूस असाच वळतो. भट्टीवरच्या लोकांना यासाठीच मिठाच्या गोळ्या वाटतात हे मला नवऱ्याकडून माहीत होतं. मी विचारलं, "तुम्हाला तिकडे गोळ्या देत नाहीत का रे?"

"देतात ना."

"मग खात का नाहीस?"

"त्या ताकदीच्या आहेत, बाई," तो म्हणाला. "मी मायले देतो."

माझे हात त्याच्या पोटरीवरच थांबले. दवाखान्यात पत्रा तापल्याचा आवाज येत होता आणि कंपाउंडर कपाटाशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आता ओरडणार याची त्याला खात्री होती.

मी ओरडले नाही. ओरडण्यासारखंच होतं, पण ज्याचं अंग गोळे येऊन वळलंय त्याला, तूच तुझ्या मायला रोज बुडवतोयस, हे कसं सांगणार? मी कंपाउंडरला मीठ विरघळवून पेलाभर पाणी आणायला सांगितलं. त्यानं आणलं. गुलाबी. पोरगा ते निमूटपणे प्यायला, मग आणखी एक पेला प्यायला, आणि हळूहळू त्याचं अंग सैल पडलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या गोळ्या कधी चाखून पाहिल्यास?"

"पाह्यली ना. खारट लागते."

"मग तुला काय वाटलं?"

"खारट तं औषधच असते." तो जरा हसला. "मीठ तं घरोघरी आहे, बाई. एवढा मोठा कारखाना मिठाची गोळी करून वाटीन का?"

जगाचा पैसा खर्च करून, परदेशातून माणसं आणून, आकाशाएवढ्या चिमण्या उभारून जे लोक लोखंड वितळवतात, ते आपल्या हातावर ठेवतात ती वस्तू वाण्याकडची असेल, हे कोणाच्या डोक्यात येईल? मी मनातल्या मनात त्या भट्टीवरच्या सगळ्यांची घरं डोळ्यांपुढे आणली. किती गरोदर बायका, किती म्हातारे या ताकदीवर पोसले जात होते देव जाणे.

त्याला तिथेच टेबलावर पडून राहायला सांगितलं आणि छत्री घेऊन मी त्याच्या घरी गेले. दोन गल्ल्या पलीकडेच होतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर झालेले. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात पुढे केला.

"गोळ्या दाखवा."

तिनं कमरेची कापडी चंची सोडली आणि आतून पांढऱ्या गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. मी एक जिभेला लावली. चोख मीठ.

"मावशी, हे काय आहे माहीत आहे?"

"मीठ," ती म्हणाली.

"कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या दिवसापासून. इतकी वर्षं चुलीपुढं बसली, बाई. मले मीठ समजणार नाही?"

माझा संयम तिथे संपला. म्हणजे तिला माहीत होतं. मी मडक्यात हात घालून मीठ शोधत होते तेव्हा ही कमरेला मिठाची चंची बांधून माझी गंमत बघत होती. मी तिला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती सगळं ऐकत राहिली, आणि मी दम घ्यायला थांबल्यावर म्हणाली, "तुमी लोणचं विचारलं होतं. लोणचं नाही खाल्लं."

"मग हे का खाल्लं? मरायचं आहे का?"

"तो भट्टीवरून येते, हात धुते अन् आधी गोळ्या देते, एक तवाच, बाकीच्या मागून खायले. माह्यापुढं उभा राहून पाहते, गिळली का नाही म्हणून. त्याले म्हणू का, हे मीठ आहे? त्याच्या तोंडाकडं पाहा अन् तुमीच म्हणा." मग ती थोडी थांबली, श्वास घेतला आणि नजर चोरून म्हणाली, "अन् खोटं कावून बोलू, तुमच्या अळणीनं जीभ मेली होती. रात्री भातात चुरून खाल्ली तं बरं वाटे."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. मी तिला सांगितलं की या गोळ्या तिला मारतायत, पोरालाही मारतायत, तो आत्ता माझ्या टेबलावर पडलाय. पोराचं ऐकलं तशी तिची सगळी मस्करी गेली. ती उठायला धडपडली. मी तिला बसवलं, तो बरा आहे म्हणून सांगितलं.

"आता जाऊन मी त्याला सगळं सांगते," मी म्हटलं.

तिनं माझं मनगट धरलं. अंगात ताकद नसलेल्या बाईची पकड नव्हती ती. "त्याले नोका सांगू," ती म्हणाली. "तिथं पातळ लोखंड वाहते, बाई. मीच मायले जहर देल्लं, असं मनात घेऊन तो तिथं उभा राहीन. ध्यान गेलं का माणूस गेला."

रोग्याला खरं सांगावं की नाही यावर कॉलेजात आमचं एक मोठं व्याख्यान झालं होतं, त्यात भट्टीचा उल्लेख नव्हता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण चंची माझ्याकडे द्या."

"एक ठेवू द्या."

"एकही नाही."

"अर्धी?"

शेवटी मी तिला लिंबावर आणलं. भातावर लिंबू पिळा, आमसूल खा, लसूण खा, हवं तेवढं तिखट खा, पण मीठ नाही. तिनं तोंड वाकडं करून कबूल केलं.

परत येईपर्यंत पोरगा उठून बसला होता. मी खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि डॉक्टरकीच्या सगळ्या इभ्रतीनिशी त्याला साफ खोटं सांगितलं. "त्या गोळ्या भट्टीच्या उष्णतेत काम करतात. माणूस तिथे घामेजलेला असतानाच गिळायच्या, तरच अंगी लागतात. कारखान्याच्या गेटाबाहेर आली की गोळी मरते. मेलेली गोळी खाल्ली की अंगावर सूज येते. तू तिथल्या तिथे खा, मायला मी वेगळी ताकदीची देते. आणि तू जेवणात मीठ घ्यायचं, तिच्या नजरेआड जेव हवं तर."

त्यानं सगळं ऐकून मान हलवली. "असं आहे होय," तो म्हणाला. "म्हणून मायले लागू पडून नव्हती राहिली." आणि मेलेली गोळी आपण मायला देत होतो, हे त्याला लागलं, पण त्यात त्याचा दोष नव्हता. गेटाचा होता. मी मावशीसाठी साखरेच्या गोळ्या दिल्या. कंपाउंडरनं त्या गुलाबी करून दिल्या.

मी आयुष्यात दिलेल्या औषधांपैकी ते खोटं सगळ्यात जास्त लागू पडलं. मावशी पंधरवड्यात आडवी झोपायला लागली. पावसाळा तिनं पाहिला, छपरातून गळताना पाहिला आणि त्यालाही शिव्या दिल्या. पोराला पुन्हा गोळे आले नाहीत, भट्टीवरून कोणी काढलं नाही. वस्तीत बातमी मात्र वाऱ्यासारखी पसरली. गेटाबाहेर गोळी मरते. बायका माझ्याकडे मेलेल्या गोळ्या पदरात बांधून आणायला लागल्या, हे काही विषारी तर नाही ना झालं म्हणून विचारायला. त्या सगळ्या मी ठेवून घेतल्या. आमच्या घरी वर्षभर मीठ विकत आणलं नाही.

मावशी बरीच वर्षं जगली. सून आली, नातवंड झालं. दवाखान्यात आली की माझ्याशी भांडायची, आणि भांडली नाही तर मी नाडी दोनदा बघायची. अखेर हृदयानं कंटाळून काम सोडलं, तेही दुपारी, जेवून पडल्यावर, कोणाला त्रास न देता. ती गेल्याचं कळल्यावर मी त्या दिवशी दवाखाना उघडला नाही. लोकांना वाटलं बाई नागपूरला गेल्या.

काही दिवसांनी पोरगा आला. आता पोरगा तरी कुठला, केस पिकायला लागले होते, हाताखाली माणसं होती. बाकावर रोगी असूनही मी त्याला आत घेतलं. तो टेबलाजवळ बसला. मग म्हणाला, "बाई, भट्टीवर नवीन पोरं येतात, त्याह्यले आता मीच शिकवतो. गोळी कवा खायची, किती पानी प्यायचं."

मी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"मीठ आहे ते," तो म्हणाला. "मले लय वर्षांपासून माहीत आहे. तुमी गेटाचं सांगतलं, त्याच्या दोन उन्हाळ्यांनी समजलं. मायले नाही सांगतलं कधी. तिले वाटलं असतं, पोरानं अडाणीपणानं मले मारलं असतं. उगाच तिच्या जीवाले घोर कावून लावा."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, तिला माहीत होतं."

त्यानं वर पाहिलं. "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाहेर कंपाउंडर कोणाला तरी बाटली हलवून प्या म्हणून सांगत होता. पोरगा माझ्याकडे तसाच बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मंग खाल्ल्या कावून तिनं?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. पहिलं त्याला माहीत होतं, म्हणून तर त्याचा आवाज असा झाला होता. मी दुसरं सांगितलं.

"तुझ्या मायला मीठ आवडायचं," मी म्हटलं. "चंची काढून घेतली तर अर्धी तरी ठेवू द्या म्हणून माझ्याशी भांडली. रात्री तुझ्या चोरून भातात चुरून खायची."

तो हसला. खरंच हसला, मोठ्यानं, मायसारखाच. "चोट्टीच होती," तो म्हणाला, आणि हसता हसता त्यानं ठिणग्यांचे डाग असलेल्या दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत राहिले. मी उठून पडदा नीट ओढला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.